राजीनामा, फ्रँचायझी आणि हिवरे बाजारचा हिशेब

- प्रतिनिधी

महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा होणारा पगार सुखाचा असला, तरी पस्तिशी-चाळिशीच्या उंबरठ्यावर अनेक नोकरदारांच्या मनात एकच विचार घोळू लागतो. आणखी किती वर्षे दुसऱ्याच्या धंद्यासाठी राबायचे? स्वतःचे काही सुरू करावे असे वाटते, पण अनुभव नसतो. अशा वेळी फ्रँचायझीचा मार्ग सोयीचा वाटतो. नाव तयार, माल तयार, दुकानाची सजावटही ठरलेली. आपण फक्त भांडवल आणि कष्ट घालायचे. राजीनामा देऊन श्रीमंत होण्याची ही वाट खरोखर कुठे जाते, याचा विचार मात्र बहुधा करारावर सही झाल्यानंतर सुरू होतो.

या विचाराला हिवरे बाजार या गावाची मोठी मदत होऊ शकते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नगर तालुक्यातील हे गाव पाणी आणि वृक्षसंवर्धनासाठी देशभर ओळखले जाते. परंतु त्याची आणखी एक बाजू आहे. पोटासाठी मुंबई-पुण्याला गेलेली कुटुंबे शहरातील रोजीरोटी सोडून या गावात परतली आणि त्यांनी तेथे संपत्ती उभी केली. परतलेल्यांत कंपन्यांतील मोठ्या पगाराचे अधिकारी नव्हते. बरेचसे मजुरी किंवा किरकोळ नोकरी करणारे होते. तथापि, बांधलेली मिळकत सोडताना कशाच्या भरवशावर सोडावी, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू होतो.

फ्रँचायझी म्हणजे नेमके काय?

एखाद्या कंपनीचे नाव, बोधचिन्ह, माल आणि व्यवसायाची पद्धत ठरावीक मुदतीसाठी वापरण्याचा परवाना म्हणजे फ्रँचायझी. त्यासाठी सुरुवातीला एकरकमी शुल्क द्यावे लागते. पुढे विक्रीवर ठरावीक टक्के रॉयल्टी आणि अनेकदा जाहिरात निधीची वर्गणीही असते. काही कंपन्या रॉयल्टी घेत नाहीत. अमूलच्या विक्री केंद्रांवर ती आकारली जात नाही. तेथे दुकानदाराला मालावरील कमिशन मिळते. मात्र रॉयल्टी नाही म्हणून व्यवसाय आपोआप फायद्याचा ठरत नाही, कारण मालाची किंमत आणि कमिशनचा दर कंपनीच ठरवते.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. २००१मध्ये स्थापन झालेल्या ‘एमकेसीएल’ने ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम स्थानिक केंद्रचालकांच्या जाळ्यामार्फत तालुक्या-तालुक्यांत नेला. त्याच वर्षी धीरज गुप्ता यांनी मालाड स्थानकाजवळ ‘जम्बो किंग’चा पहिला वडापाव विकला. वित्त क्षेत्रातील नोकरीचा दीर्घ अनुभव असलेल्या वेंकटेश अय्यर यांनी २००४मध्ये कल्याणमध्ये ‘गोली वडापाव’ सुरू केला. या दोन्ही नावांचा विस्तार फ्रँचायझीच्या जोरावर झाला.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. नोकरी सोडून यशस्वी झालेल्यांच्या ज्या कहाण्या आपण वाचतो, त्या बहुतेक नाव निर्माण करणाऱ्यांच्या असतात. ते नाव भाड्याने घेऊन कोपऱ्यावरचे दुकान चालवणाऱ्याची कहाणी वेगळी असते. फ्रँचायझी देणारा आणि घेणारा यांच्या नफ्याचे गणित एक नाही.

कागदावरचा नफा, गल्ल्यातला नफा

उदाहरणादाखल एका छोट्या खाद्यपदार्थाच्या दुकानाचा हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत. हेतू गणिताची रीत दाखवण्याचा आहे. एकूण गुंतवणूक १५ लाख रुपये, त्यापैकी १० लाख सजावट आणि यंत्रांवर. करार पाच वर्षांचा. महिन्याची विक्री, कर वगळून, चार लाख रुपये.

यातील ५५ टक्के, म्हणजे २ लाख २० हजार रुपये कच्च्या मालाला जातील. रॉयल्टी सहा टक्के आणि जाहिरात निधी दोन टक्के धरल्यास ३२ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,७६० रुपये. पाच टक्के दराने कर भरणाऱ्या उपाहारगृहाला या कराची वजावट मिळत नाही, म्हणून तोही खर्चच. भाडे ५० हजार, कामगारांचे पगार ५५ हजार, वीज व किरकोळ खर्च १५ हजार. सारे वजा जाता हाती उरतात सुमारे २२ हजार रुपये.

हिशेब अजून संपलेला नाही. १० लाखांची सजावट व यंत्रे पाच वर्षांत जुनी होणार, म्हणजे दरमहा सुमारे १६,७०० रुपयांची झीज. ती बाजूला ठेवली, तर साडेपाच हजार उरतात. हेच १५ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते, तर महिन्याला ८,७५० रुपये व्याज आले असते. शिवाय सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत दुकानात उभे राहणाऱ्या मालकाचा स्वतःचा पगार यात कोठेही धरलेला नाही.

आता विक्री सहा लाखांवर नेऊ. पगार ६५ हजार आणि वीज व किरकोळ खर्च १८ हजार धरला, तरी शिल्लक सुमारे ८० हजारांवर जाते. विक्री दीडपट झाली, तर शिल्लक साडेतीनपटींहून अधिक. कारण भाडे तेवढेच राहिले. आकर्षक माहितीपत्रकांत नेमका हा दुसरा हिशेब छापलेला असतो. वास्तविक तोच उलट दिशेनेही चालतो. समोर दुसरे दुकान उघडले, रस्ता खोदला गेला किंवा शेजारचे महाविद्यालय हलले, की गल्ला झपाट्याने आटतो. पण भाडे थांबत नाही आणि रॉयल्टीही थांबत नाही, कारण ती नफ्यावर नसून विक्रीवर असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे जसे पावसावर, तसे या दुकानदाराचे पोट गिऱ्हाइकांच्या वर्दळीवर अवलंबून असते.

मूळ कोणाच्या हातात?

या व्यवसायात संपत्ती कोठे साठते, हे पाहण्यासाठी मॅकडोनाल्डचे उदाहरण उपयोगी आहे. रे क्रॉक यांनी १९५५मध्ये अमेरिकेत या फ्रँचायझीचा विस्तार हाती घेतला. दुसऱ्याच वर्षी जागांच्या व्यवहारासाठी स्वतंत्र कंपनी काढण्यात आली. दुकानाची जागा कंपनीने विकत किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने घ्यायची आणि ती फ्रँचायझीधारकाला भाड्याने द्यायची, अशी ती रचना होती. हॅम्बर्गर विकण्याचे काम दुकानदाराचे. कंपनीला मात्र रॉयल्टीबरोबर भाडेही मिळू लागले. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी दौलत त्या जागांमधून आणि नावातून उभी राहिली.

फ्रँचायझी घेणाऱ्याकडे बहुधा यापैकी काहीच नसते. नाव कंपनीचे, जागा घरमालकाची, पदार्थाची कृती गोपनीय. कराराची मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर पाटी उतरते आणि उरते ती जुनी भट्टी. म्हणून हा व्यवसाय वाईट ठरतो असे नव्हे. चांगली जागा आणि प्रामाणिक कंपनी मिळाल्यास त्यातून नोकरीपेक्षा अधिक मिळकत होऊ शकते. पण मिळकत आणि संपत्ती यांत फरक आहे. हिवरे बाजारने नेमका हा फरक ओळखला.

उजाड माळ ते हिरवे शिवार

हिवरे बाजारचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे वर्षाचा पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. कधीकाळी पैलवानांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाला १९७२च्या दुष्काळाने खिळखिळे केले. डोंगर बोडके झाले, पावसाचे पाणी माती घेऊन वाहून जाऊ लागले. ज्यांना शक्य होते ते शहरांकडे गेले. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी हातभट्टीचा आधार घेतला. सरकारी कर्मचाऱ्याला या गावी नेमणूक म्हणजे शिक्षा वाटावी, अशी ख्याती झाली.

१९८९मध्ये गावातील तरुणांनी पोपटराव पवार यांना सरपंचपदासाठी गळ घातली. ते एम. कॉम. झालेले, गावातील एकमेव पदव्युत्तर तरुण. क्रिकेटची आवड होती आणि त्यांनी शहरात चांगली नोकरी धरावी, अशी घरच्यांची साहजिक इच्छा होती. ते गावात राहिले आणि बिनविरोध निवडून आले. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या दोन घटनांमध्ये तीस वर्षांचे काम आहे.

गावाने कामाचा क्रम नीट लावला, हे विशेष. शहरात गेलेल्यांना ‘परत या’ असे कोणी प्रथम सांगितले नाही, कारण परतून खाणार काय, याला उत्तर नव्हते. आधी डोंगर हाती घेण्यात आले. १९९३मध्ये सामाजिक वनीकरण विभागाच्या साहाय्याने सुमारे ७० हेक्टर वनक्षेत्राचे पुनरुज्जीवन सुरू झाले. रोजगार हमी योजना आणि श्रमदान यांतून डोंगरउतारावर सुमारे ४० हजार समतल चर खोदले गेले. १९९४च्या सुमारास गाव आदर्श गाव योजनेत आले. त्यातून ५२ माती बांध, ३२ दगडी बांध, नऊ सिमेंट बंधारे आणि दोन पाझर तलाव उभे राहिले. या योजनेतील खर्च सुमारे ४२ लाख रुपये, म्हणजे हेक्टरी साधारण चार हजार.

परिणाम एका पावसाळ्यात दिसला नाही. १९९०च्या सुमारास गावात ९० विहिरी होत्या आणि पाणी ८० ते १२५ फुटांवर असे. पुढे विहिरींची संख्या २९४ झाली, तरी पाणी १५ ते ४० फुटांवर आले. चराईबंदीमुळे डोंगरावर गवत वाढले. २००० साली १०० टन असलेले गवताचे उत्पादन २००४मध्ये ६,००० टनांवर गेले. नाममात्र शुल्क भरून विळ्याने कापून न्यावे, जनावरे मात्र सोडू नयेत, असा दंडक घालण्यात आला. गवत आले म्हणून जनावरे पोसता आली. नव्वदच्या दशकाच्या मध्यास दिवसाला १५० लिटर असलेले दूध पुढे तीन-चार हजार लिटरपर्यंत पोहोचले. विहिरींना पाणी टिकल्याने ज्वारी-बाजरीच्या जोडीला कांदा, बटाटा, भाजीपाला आणि चारापिके आली.

परतणारी पावले

गावात काम आणि दाम मिळू लागल्यावर परतीचा ओघ सुरू झाला. मुंबई-पुण्याकडे गेलेली सुमारे चाळीस कुटुंबे गावी परतली. शहरात खोलीचे भाडे, प्रवास आणि किराणा यांत संपणाऱ्या मजुरीपेक्षा दोन-चार गायी आणि कांद्याचे एक पीक अधिक देऊ लागले, हे त्यामागचे साधे कारण.

गावाच्या श्रीमंतीची चर्चा बरीच झाली. ५४ ‘मिलिअनेअर’ असलेले खेडे, असा त्याचा लौकिक देशाबाहेरही गेला. मराठीत त्याचे अनेकदा ‘करोडपतींचे गाव’ असे भाषांतर झाले. ते बरोबर नाही. मिलियन म्हणजे दहा लाख. वर्षाला दहा लाखांहून अधिक उत्पन्न असलेली पन्नासहून थोडी अधिक कुटुंबे, असा त्या आकड्याचा अर्थ होता. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. १९९५मध्ये १८० पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. १९९८च्या पाहणीत ती ५३ झाली आणि पुढे अवघी तीन उरली. काही मोजक्यांची भरभराट होण्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी अवघड आहे.

पाण्याचा ताळेबंद

ही श्रीमंती टिकली ती शिस्तीमुळे. दोन दशकांहून अधिक काळ हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, भूजल किती साठले हे निरीक्षण विहिरींवरून मोजले जाते आणि तो हिशेब ग्रामसभेपुढे ठेवला जातो. माणसे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी व घरगुती वापर आधी बाजूला काढायचा. उरलेल्यातील ७० टक्के शेतीला द्यायचे आणि ३० टक्के पुढील काळासाठी जमिनीत राखायचे, असे सूत्र आहे. पाऊस कमी असेल, तर कोणती पिके घ्यायची नाहीत हेही त्यावरून ठरते. ऊस आणि केळीसारख्या अधिक पाणी पिणाऱ्या पिकांना गावाने दूर ठेवले. सिंचनासाठी कूपनलिका घ्यायची नाही आणि गावची जमीन बाहेरच्यास विकायची नाही, हे नियमही झाले.

शेवटचा नियम शहरी वाचकाने विशेष लक्षात घ्यावा. गाव सुधारले की जमिनीचा भाव वाढतो. तो पाहून जमीन विकली असती, तर एका पिढीला रोख रक्कम मिळाली असती आणि पुढच्या पिढीला दुसऱ्याच्या फार्महाउसवर राखणदारी. मूळ मालमत्ता हातची जाऊ द्यायची नाही, तिच्या उत्पन्नावर जगायचे, हा जुना शहाणपणा गावाने ठरावाच्या रूपाने पाळला.

अर्थात, असे नियम सर्वांना सदैव रुचतात असे नाही. तीस वर्षे बिनविरोध निवडणुकीची परंपरा असलेल्या या गावात जानेवारी २०२१मध्ये ग्रामपंचायतीसाठी मतदान झाले. पवार यांच्या पॅनेलने सर्व सात जागा जिंकल्या. शिस्तीलाही अधूनमधून कौल मागावा लागतो, हे त्यातून दिसले.

सूत्र उसने, गाव आपले

गंमत म्हणजे, हिवरे बाजारनेही एक तयार पद्धतच स्वीकारली होती. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीतून आली. लष्करी नोकरी संपवून १९७५मध्ये गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी तेथे ती रुजवली होती. राज्य सरकारने १९९२मध्ये आदर्श गाव योजनेद्वारे ती इतर गावांपुढे ठेवली. पुढे लोटाबंदी व कूपनलिका बंदी यांची भर पडून तिची सप्तसूत्री झाली.

तयार सूत्र, ठरलेले नियम, नियम मोडणाऱ्याला आळा. बाह्यतः ही फ्रँचायझीच म्हणायची. दोन फरक मात्र मूलभूत आहेत. येथे रॉयल्टी नाही; वाढलेले पाणी, गवत आणि जमिनीचा कस गावातच राहतो. दुसरे असे, की सूत्रात सुधारणा करण्याचा अधिकार गावाला आहे. पाण्याचा ताळेबंद ही हिवरे बाजारची स्वतःची भर. विकत घेतलेल्या फ्रँचायझीत वडापावची चटणीही आपल्या मनाने बदलता येत नाही.

राजीनाम्यापूर्वी हे पाहा

ज्यांचा फ्रँचायझी घेण्याचा विचार पक्का आहे, त्यांनी काही गोष्टी जरूर तपासाव्यात.

* भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेप्रमाणे करारापूर्वी सविस्तर माहितीपत्र देण्याची सक्ती येथे नाही. व्यवहार मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ आणि व्यापारचिन्ह कायदा, १९९९ यांच्या आधारे चालतो. म्हणून करारात जे लिहिले आहे तेच खरे. तोंडी आश्वासन धरून चालू नये.

* व्यापारचिन्हाची नोंदणी कंपनीच्याच नावावर आहे का, हे पाहावे. जे नाव कंपनीचे नाही, त्याचे भाडे तिला देण्यात अर्थ नाही.

* त्याच कंपनीच्या किमान पाच-सहा फ्रँचायझीधारकांना परस्पर भेटावे. बंद पडलेल्या दुकानाचा मालक भेटला तर उत्तमच. कंपनीने निवडून दिलेल्या नावांवर समाधान मानू नये.

* आपल्या दुकानापासून किती अंतरात दुसरी शाखा निघणार नाही, हे करारात नमूद असावे.

* जागेचा भाडेकरार फ्रँचायझीच्या मुदतीइतका तरी असावा. पाच वर्षांचे शुल्क भरून अकरा महिन्यांनी जागा सोडावी लागली, तर सजावटीचा पैसा बुडाला.

* मुदत संपल्यावर तोच धंदा करू नये, असे कलम अनेक करारांत असते. करार कायद्याच्या कलम २७मुळे असे बंधन न्यायालयात सहसा टिकत नाही. पण कंपनीचे नाव आणि गोपनीय कृती वापरता येत नाही. सहीपूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

* किमान वर्षभराचा घरखर्च भांडवलात न मिसळता वेगळा ठेवावा. राजीनाम्याबरोबर कंपनीचा आरोग्यविमाही जातो. तो आधी स्वतःचा घ्यावा. भविष्य निर्वाह निधी मोडून किंवा राहते घर तारण ठेवून दुकान थाटणे म्हणजे बियाणेच दळून खाण्यासारखे आहे.

आधी पाणी, मग पेरणी

हिवरे बाजारला परतलेली कुटुंबे धाडसी होती, असे म्हटले जाते. ते खरेच, पण त्यांचे धाडस डोळस होते. विहिरीला पाणी लागले आहे, डोंगरावर गवत आहे, डेअरीत दूध घेतले जात आहे, हे पाहून मग त्यांनी शहरातील खोली सोडली. गावाने त्याआधी काही वर्षे चर खोदण्यात घातली होती.

नोकरदारालाही हाच क्रम लावता येईल. नोकरीत असतानाच बचत वाढवावी, कर्ज फेडावे, ज्या धंद्यात उतरायचे त्या दुकानात सुटीच्या दिवशी काही महिने उभे राहून गिऱ्हाईक मोजावे. जमल्यास दुकानाची जागा स्वतःची करावी. मग पाटी बदलली तरी मालमत्ता हाती राहते. पहिल्या दुकानाचा नफा दुसऱ्या शुल्कात घालण्याऐवजी त्यातला काही भाग, हिवरे बाजारच्या ३० टक्के पाण्यासारखा, हात न लावता राखावा. एवढी तयारी झाली आणि तरीही आकडे जुळत नसतील, तर राजीनाम्याचा कागद खिशातच ठेवलेला बरा. पगाराची विहीर आटलेली नसताना ती बुजवण्याची घाई कशाला?